बेंजामिन आदेश

मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ज्याला हिस्सा मिळायचा तो माणूस बेपत्ता असेल, तर तो हयात नाही असे धरून मालमत्ता वाटण्याची न्यायालयाने दिलेली परवानगी. इंग्लंडमधील उच्च न्यायालयाच्या चान्सरी विभागात न्यायमूर्ती जॉइस यांनी १९०२ मध्ये दिलेल्या निकालावरून हे नाव पडले. त्या खटल्यातील मुलगा सप्टेंबर १८९२ मध्ये आखेन येथून नाहीसा झाला आणि मृत्युपत्रात त्याला हिस्सा ठेवणारे वडील जून १८९३ मध्ये वारले. जाहिराती देऊनही त्याचा थांग लागला नाही. तेव्हा तो वडिलांच्या आधीच वारला असे समजून वाटप करण्याची मोकळीक विश्वस्तांना मिळाली. त्याचा मृत्यू मात्र न्यायालयाने जाहीर केला नाही. या आदेशाचे न्याय्यपण नेमके इथे आहे. त्यामुळे विश्वस्तांची वैयक्तिक जबाबदारी संपते, बेपत्ता माणसाचा हक्क मात्र शाबूत राहतो.

सात वर्षे थांबले की मृत्यूचे अनुमान करता येतेच, मग वेगळा आदेश कशाला, असा आक्षेप साहजिक आहे. पण वारसाहक्कात माणूस आधी वारला की नंतर, यावर सगळे अवलंबून असते आणि त्याचे उत्तर हे अनुमान देत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १११ (जुन्या कायद्यातील १०८) याच अनुमानाचे आहे. मृत्यूची वेळ मात्र पुराव्यानेच शाबीत करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आयुर्विमा महामंडळाच्या खटल्यात स्पष्ट केले. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्याने माणूस वारल्याची खात्री पटत नसल्यास, पण सात वर्षे त्याचा ठावठिकाणा नसल्यास, ती सात वर्षांची मुदत संपण्याचा दिवस धरायला सांगितले. तोच नियम बेंजामिन खटल्याला लावला तर मुलाचा मृत्यू १८९९ मध्ये, म्हणजे वडिलांच्या सहा वर्षांनंतर ठरेल आणि हिस्सा त्याच्याच मालमत्तेत जाईल.

याहून जिव्हारी लागणारा आक्षेप म्हणजे तो माणूस परत आला तर काय. १९४३ मध्ये बर्लिनवरील हल्ल्यात बेपत्ता झालेला हवाई दलातला मुलगा जिवंत आहे, या श्रद्धेने एका आईने २०२० पर्यंत त्याची वाट पाहावी असे मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. १९८५ मध्ये न्यायालयाने वाटपाला परवानगी दिली. ती श्रद्धा मोडणे कठोर वाटते, पण मुलगा परतला असता तर ज्यांच्या हाती पैसा गेला त्यांच्याकडून तो मागण्याचा त्याचा हक्क कायम होता. पैसा खर्चून गेला असेल तर हा हक्क पोकळ ठरतो, हे मात्र मान्य केलेच पाहिजे, आणि म्हणून आदेशाआधीचा शोध कसून व्हायला हवा. लहान मालमत्तेत न्यायालयाचा खर्चच हिस्सा गिळतो. तिथे बेपत्ता लाभार्थीच्या दाव्याचा विमा उतरवतात. १९९९ मधील इव्हान्स खटल्यात बेपत्ता भाऊ खरोखरच परतला आणि अशा विम्याचा हप्ता मालमत्तेतून भरणे न्यायालयाने रास्त ठरवले.