रोका गेले, कुआद्रात राहिले

आजची गोष्ट बंगळुरूच्या कंठीरवा मैदानातली.

जुलै 2016 मध्ये अल्बर्ट रोका बंगळुरू एफसीचे मुख्य प्रशिक्षक झाले. आधीच्या ॲशली वेस्टवूड यांनी तीन हंगामांत दोनदा आय-लीग जिंकून दिली होती. म्हणजे पडझड सावरायची नव्हती. चालता गाडा नव्या वाटेला लावायचा होता, आणि ते जास्त अवघड.

रोका बार्सिलोनात फ्रँक रायकार्ड यांचे सहायक होते. चेंडू आपल्याच पायांत राहिला पाहिजे, ही तिथली शिकवण. एकट्यानं सांगून ती मुरत नाही. म्हणून सोबत आले कार्लेस कुआद्रात, बार्सिलोनाच्याच अकादमीत घडलेले. चार महिन्यांत संघ एएफसी कपच्या अंतिम सामन्यात पोचला. असा हा पहिलाच भारतीय क्लब. दोहात इराकी वायुदलाच्या संघाकडून 0-1 हरला, तो भाग वेगळा.

माझ्या मते खरी परीक्षा 2018 मध्ये झाली. रोका गेले, सूत्रं कुआद्रात यांच्याकडे आली. 17 मार्च 2019 ला मुंबईत एफसी गोवाला हरवून संघानं आयएसएल जिंकली. पासांची एवढी शिकवण, आणि करंडक आणला कॉर्नरवरून मुंबईकर राहुल भेकेच्या हेडरनं!

जानेवारी 2021 मध्ये सलग पराभवांनंतर कुआद्रातही गेले. राखीव संघ घडवणारे मुंबईचे नौशाद मुसा हंगामी प्रशिक्षक झाले. पण पुढच्याच महिन्यात मुख्य पदासाठी मार्को पेझाइओली यांचं नाव जाहीर झालं. शिकवण परदेशी सहायकाकडे वारशानं गेली, देशी सहायकाकडे मात्र तात्पुरतीच.