खांबवस्त्या (आल्प्स परिसर)

सरोवरांच्या काठी व दलदलीच्या जमिनीत लाकडी खांब ठोकून त्यांच्या आधारे वसवलेली प्रागैतिहासिक खेडी. काळ सुमारे इ. स. पू. ५००० ते ५००. त्यांचे अवशेष स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्लोव्हेनिया या देशांत आढळतात.

१८५३–५४ च्या हिवाळ्यात झुरिक सरोवराचे पाणी बरेच ओसरले आणि ओबरमाइलेन येथे चिखलातून खांबांची टोके, दगडी कुऱ्हाडी व शिंगांची अवजारे वर आली. झुरिकचे पुराणवस्तुसंशोधक फेर्डिनांड केलर यांनी १८५४ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. न्यू गिनीतील खांबांवरच्या घरांची चित्रे त्यांच्यासमोर होती. त्यावरून त्यांनी पाण्यावरील सलग फळ्यांच्या मंचावर वसलेले गाव कल्पिले. हे चित्र इतके मोहक होते की पाठ्यपुस्तकांतून ते हलायला शंभर वर्षे लागली. १९५० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एमिल फोग्ट यांनी घरे कोरड्या काठावर होती असे मांडले. हेही टोकाचेच ठरले. बहुतेक घरे ओल्या, अधूनमधून पाण्याखाली जाणाऱ्या काठावर होती, काहींची जमीन उचललेली होती; इटलीतील फियावे येथे मात्र कांस्ययुगीन घरे खरोखर पाण्यावर उभी होती.

या वस्त्यांचे मोल त्यांच्या चिखलात आहे. पाण्याखालच्या गाळात प्राणवायू पोचत नसल्याने एरवी कुजून जाणाऱ्या वस्तूही टिकल्या: जवसाच्या धाग्याचे कापड, मासेमारीची जाळी, धान्य, कापून वाळवलेली रानसफरचंदे, बर्च झाडाच्या डांबराचे दातांच्या खुणा असलेले चघळलेले गोळे. ल्युब्ल्यानाच्या दलदलीत २००२ मध्ये सापडलेले अॅश लाकडाचे चाक व त्याचा ओकचा आस सुमारे ५१५० वर्षांपूर्वीचे आहेत.

खांबांच्या वाढवलयांवरून झाड कोणत्या वर्षी तोडले हे कळते. कॉन्स्टन्स सरोवराकाठचे आरबोन-ब्लाइखे ३ हे गाव इ. स. पू. ३३८४ मध्ये वसू लागले आणि जेमतेम पंधरा वर्षांत आगीत संपले. लिपी नसलेल्या काळातील गावाचा असा वर्षवार हिशेब अन्यत्र क्वचितच मिळतो.

१८६८ नंतरच्या जलनियोजनाने जुरा पर्वताच्या पायथ्याची सरोवरे सुमारे अडीच मीटर खाली गेली. उघड्या पडलेल्या खेड्यांवर पुराणवस्तूंच्या शिकाऱ्यांनी हात मारला. २०११ मध्ये युनेस्कोने ज्ञात ९३७ स्थळांपैकी १११ स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली. लाटांची झीज, बोटींची वर्दळ आणि भूजल खाली जाणे यांमुळे उरलेले थर झिजत व कुजत आहेत. म्हणून काही ठिकाणी त्यांवर कापड व खडीचे आच्छादन घातले जाते.