मापाचे बंधन आणि यंत्रमानवाचे सांधे

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेला खानदेशातील सावदा हा कसबा निजामाकडून पेशव्यांकडे आणि पेशव्यांकडून सरदार रास्त्यांकडे गेला, पुढे कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. परंतु दप्तरात त्याचे नाव ठळकपणे उमटले ते १८५२ साली, जेव्हा जमिनीच्या नव्या मोजणीने सारा वाढेल या धास्तीने हजारो रयत येथे एकवटली आणि फौज येऊन म्होरक्यांना कैद करीपर्यंत पांगली नाही. माप हे वरकरणी निरुपद्रवी साधन; पण ते कोण ठरवितो आणि कोणाच्या हितासाठी ठरवितो, यावर त्याचा गुणावगुण अवलंबून असतो. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांतून यंत्रमानव उभारण्याचा जो छंद आज जगभर पसरला आहे, त्याचा इतिहास हा लादलेल्या नव्हे, तर हौसेने पत्करलेल्या मापाचा इतिहास आहे.

आकृती घडविणे खानदेशातील मुलांना कधीच अपरिचित नव्हते. पोळ्याला मातीचे बैल होत, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजी घरोघर विराजमान होत. मातीच्या बैलाला माप असते ते केवळ करणाऱ्याच्या बोटांचे; एका घरच्या बैलाचे शिंग दुसऱ्या घरच्या बैलाला बसत नाही, आणि बसावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. अमावास्या सरली की तो बैल पुन्हा माती होतो, आणि पुढल्या वर्षी सारे काही पहिल्यापासून आरंभावे लागते.

याउलट, परक्याने घडविलेला भाग आपल्या भागाशी अचूक जुळावा, ही कल्पना कारखान्यांच्या युगातली. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि पुढे मेकॅनो या नावाने विख्यात झालेल्या खेळण्यात धातूच्या पट्ट्यांना अर्ध्या इंचाच्या अंतराने छिद्रे होती, आणि त्या अंतराच्या सातत्यावरच पूल, याऱ्या आणि गाड्या यांची सारी सृष्टी उभी राहत असे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले किर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळण्यांचा धंदा सुरू केला. इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या ठोकळ्यांवरून स्फूर्ती घेऊन त्याच्या लेगो कारखान्याने १९४९ मध्ये प्लॅस्टिकचे ठोकळे काढले, आणि २८ जानेवारी १९५८ रोजी ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवून पकड घट्ट करण्याच्या युक्तीचे पेटंट मागितले. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर, हे माप इतके निष्ठेने पाळले गेले की त्या काळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. आणि बंधन असे कठोर असताना स्वातंत्र्य किती? आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणित सांगते.

तथापि ठोकळ्याचा स्वभाव भिंतीचा. तो रचावा, वाकवू नये. यंत्रमानवाला मात्र गुडघा हवा, कोपर हवे, खांदा हवा. ही निकड ज्या कल्पनाविश्वातून उत्पन्न झाली ते जपानी होते. मित्सुतेरू योकोयामा यांच्या १९५६ मधील चित्रकथेतला लोहमानव दुरून चालविला जाई. गो नागाई यांनी १९७२ मध्ये ‘माझिंगर झी’ या चित्रकथेत चालकालाच यंत्राच्या मस्तकात बसविले, आणि १९७९ च्या ‘गुंडाम’ने त्या महाकाय यंत्राला रणांगणावरील शस्त्राचे रूप दिले. योकोयामांचाच जायंट रोबो पुढे दूरदर्शनवरून आपल्याकडील मुलांनीही पाहिला. इकडे बिलुंडमध्ये १९७७ साली दातेरी चाके व आस असलेले संच निघाले, २००१ मध्ये गोलक आणि खोबण यांचे सांधे असलेल्या ‘बायोनिकल’च्या आकृती आल्या, आणि २००६ च्या ‘एक्सो-फोर्स’ मालिकेत चालक आत बसणारा जपानी धर्तीचा यंत्रमानव ठोकळ्यांत अवतरला. तत्पूर्वी, १९९८ मध्ये, सेमूर पेपर्ट यांच्या ग्रंथावरून नाव घेतलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ने सांध्यांना मोटार, स्पर्श ओळखणारी इंद्रिये आणि संगणकीय आज्ञा पुरविल्या होत्या.

ही सामग्री आपल्या पेठेत येण्याच्या वाटेवर सरकारी नाकी होती. परदेशी खेळण्यांसारख्या चैनीच्या मालावरील परिमाणात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये सर्वस्वी उठले. पण २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानकाची मोहर अनिवार्य झाली. परिणामी तालुक्याच्या गावी ही विद्या दुकानातून येण्यापेक्षा शाळेतून येण्याचा संभव अधिक. निती आयोगाने २०१६ पासून मंजूर केलेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि सहावी ते बारावीचे विद्यार्थी तेथे यंत्रमानवाचे संच हाताळतात.

सावद्याच्या परिसरातील मुलाला मात्र जुळणाऱ्या मापाची महती संचावरून शिकावी लागत नाही. ज्या केळीच्या वाघिणी सावदा स्थानकावरून दिल्लीकडे रवाना झाल्या, त्या केळीच्या बागा आता ठिबकावर पोसल्या जातात. आणि १६ मिलिमीटरची लॅटरल नळी फाटली तर त्याच मापाचा जॉइनर कोठूनही आणून बसविता येतो, हे बापाबरोबर बागेत जाणारे पोर पुस्तकाआधी शिकते. जळगावात नळ्या ओढल्या जातात, प्लॅस्टिकच्या चटया विणल्या जातात. तेव्हा उणीव ना प्लॅस्टिकच्या माहितीची आहे, ना कसबी हातांची. मिलिमीटरच्या शतांशापर्यंत चोख असा साचा घडवावा, आणि एकदा ठरविलेले माप दोन पिढ्यांपर्यंत मोडू नये, एवढा धीर एखाद्या कारखानदाराने धरला, तर यंत्रमानवाचे सांधे खानदेशातही ओतता येतील.