गप्प तारेचे कोडे

तारेतून काहीच संदेश येत नाही, याचे अर्थ दोन. पलीकडच्याला काही सांगायचे नाही, किंवा तारच तुटली आहे. हे ओळखायचे कसे? इथरनेटच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा या साध्या प्रश्नातून घडला.

१९७३ साली अमेरिकेत, झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एका इमारतीतले संगणक जोडायचे होते. संगणक गरजेपुरता बोले, एरवी तार शांत. बिघाड झालाच तर माणूस चालत जाऊन तार तपासू शके. १९९० च्या ‘१० बेस-टी’ मानकात शांत तारेवरही सुमारे दर १६ मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवण्याची सोय झाली. पण त्यावरून कळे ते इतकेच, की पलीकडे कोणीतरी आहे.

दूरध्वनी कंपन्यांची रीत वेगळी होती. १९८८ साली मानक ठरलेल्या एसडीएच पद्धतीत, कोणी बोलो वा न बोलो, सेकंदाला ८००० चौकटी अखंड धावत. चुका तपासायला आणि ‘तुमचा संदेश मला मिळत नाही’ असे उलट कळवायला त्यांत राखीव जागा असे. त्यामुळे दूरवरचा दोष केंद्रात बसून समजे.

२००० नंतर स्वस्त इथरनेट या कंपन्यांच्या जाळ्यांत शिरले आणि उणीव जाणवू लागली. प्रकाशतंतूंच्या जोडीतला एकच तुटला तर ज्याला ऐकू येत नाही त्याला बिघाड कळतो. ज्याचे बोलणे पोहोचत नाही तो मात्र बोलतच राहू शकतो. मग बिघाडाची पहिली बातमी ग्राहकाच्या तक्रारीतूनच यायची.

२००४ च्या ‘८०२.३ एएच’ मानकाने यावर उपाय दिला. शेजारची दोन यंत्रे एकमेकांना नियमितपणे आपली प्रकृती कळवू लागली. ठरावीक काळात बिघडलेल्या चौकटींची संख्या मर्यादेबाहेर गेली, की इशारा जातो. म्हणजे जोडणी तुटण्याआधीच ती खालावल्याचे कळते. वीज गेली तर बंद पडता पडता यंत्र एक अखेरचा संदेशही पाठवू शकते.

पण हे झाले शेजाऱ्यांपुरते. संपूर्ण मार्गाची देखरेख २००७ च्या ‘८०२.१ एजी’ मानकाने शक्य केली. मार्गाच्या टोकाची यंत्रे ठरल्या वेळी, अगदी दर ३.३३ मिलिसेकंदांनीही, ‘हजर’ म्हणतात. वर्गातल्या हजेरीसारखेच हे. साडेतीन पाळ्यांइतका वेळ उत्तर आले नाही, की जोडणी तुटली असे धरतात. शिवाय देखरेखीच्या ८ पातळ्या ठरवल्याने ग्राहक, सेवा विकणारी कंपनी आणि तारांची मालक कंपनी यांना आपापला भाग तपासता येतो. दोष कोणाच्या हद्दीत, हा वाद मोजमापाने सुटतो.

शांततेचा अर्थ लावायचा, तर बोलण्याची वेळ आधी ठरलेली असावी लागते. तारेच्या कोड्याचे उत्तर हेच होते.