जळगावातून मागे जाणारी गाडी

साल 1907. तुम्ही जळगाव स्टेशनात उतरता. खानदेशाचे दोन जिल्हे होऊन जेमतेम वर्ष झालंय: पश्चिमेचं ठाणं धुळे, पूर्वेचं हे कापसाचं गाव. बाहेर टांगेवाला विचारतो, "कुठी चालले भाऊ?" तुम्ही कविसंमेलनाचं नाव काढता. त्याला ते नवंच आहे. पण महाराष्ट्रातलं हे पहिलंच कविसंमेलन, त्यामुळे ते सगळ्यांनाच नवं आहे.

अध्यक्ष आहेत डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावात जन्मलेला सतराएक वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे कविता म्हणतो, सभा डोलते आणि अध्यक्ष त्याला 'बालकवी' म्हणून गौरवतात. टाळ्या वाजवा, पण नजर रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर ठेवा. शेजारचे गृहस्थ तुमच्याकडे झुकून पुटपुटतील, "मिशनऱ्यांनी बाटवलं हो. नाहीतर केवढा विद्वान ब्राह्मण!"

हे वाक्य सगळ्यांच्याच सोयीचं आहे. दोष पाद्र्यांच्या पदरात टाकला की माणूस भोळा ठरतो आणि त्याला काही विचारायचं उरत नाही. टिळकांना मात्र ही सूट परवडणारी नाही. त्यांनी पत्करलेल्या श्रद्धेत प्रत्येकाला देवापुढे आपल्या पायांवर उभं राहावं लागतं; तिथं 'मला फसवलं' ही सबब चालत नाही. आदामाने ती अगदी सुरुवातीलाच देऊन पाहिली होती. बोट हव्वेकडे केलं, तिने सापाकडे केलं आणि बागेतून दोघंही बाहेर पडले.

म्हणून परत स्टेशनात या आणि मुंबईकडची गाडी धरा. ही गाडी वर्षंही मागे टाकत जाते. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, तो प्रसंग खिडकीतूनच पाहा. तुम्हाला उतरायचंय मुंबईत, 10 फेब्रुवारी 1895 ला. टिळकांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडतंय. मागचं सगळं धुतलं गेलं, असं ही श्रद्धा सांगते.

आणि लक्ष्मीबाई? अकराव्या-बाराव्या वर्षी या माणसाशी लग्न झालेली ती बाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आसऱ्याला आहे. नवरा जिवंत असून संसार मोडलेला. लोक तिला धीर देतात, नशिबाला बोल लावतात, आणि तिने नवऱ्याला आवरलं कसं नाही, असंही कोणी ना कोणी म्हणतंच.

इथे घाई करू नका. ज्या शुभवर्तमानासाठी टिळकांनी घर सोडलं त्यातच येशू सांगतो: वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तुझ्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. टिळक वेदीपाशी पोचलेत. ज्या माणसाशी समेट करायचा ते शंभर कोसांवर रडतंय. देवाने क्षमा केली म्हणून बायकोचं देणं फिटतं का? माझ्या मते नाही.

त्यातून निसटायची वाट सरकारने करून ठेवली होती. 1866 च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला तयार नसेल तर नव्या ख्रिस्ती माणसाला कोर्टातून ते लग्न मोडून घेता येई. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले. त्यांच्या भक्तिपर कवितांपेक्षा मला हे थांबणं अधिक पश्चात्तापाचं वाटतं. दुसऱ्याच्या क्षमेवर आपला हक्क नाही, हे त्यात कबूल केलेलं आहे.

आता मनमाडला गाडी बदला आणि नगरकडे चला. साल 1900. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्यात, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. सोवळं बरोबर घेऊन आल्यात. जातीपातीचा विचार त्यांच्या मनातून सुटला तो राहुरीत, त्यांच्याच डोक्याने. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चरित्रकार इथे गोड शेवट करतात, ते मला पटत नाही. त्या गोडव्यात मधली पाचेक वर्षं झाकून जातात.

लक्ष्मीबाई स्वतः झाकणाऱ्यांपैकी नव्हेत. पण त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाला अजून अवकाश आहे. मध्ये एकदा खानदेशात परत यावं लागेल. 5 मे 1918, जळगावजवळचं भादली स्टेशन. बालकवी रेल्वेखाली सापडलेत. वय पुरतं अठ्ठावीसही नाही. नगरला टिळकांच्या घरी लेकरासारखा राहिलेला हा मुलगा. त्या घरात राहूनही तो हिंदूच राहिला. रुळांपाशी चर्चा सुरू होते: अपघात, की जाणूनबुजून? चूक कोणाची? असाच प्रश्न येशूनेही लोकांपुढे ठेवला होता: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? नाही, म्हणाला तो, आणि प्रश्न ऐकणाऱ्यांवरच उलटवला. मेलेल्यांचा हिशेब त्याने मांडलाच नाही. भादलीच्या गर्दीत हे कोणाला ऐकवायला जाऊ नका, मार खाल.

शेवटचा मुक्काम 1934. टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झालीत आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग छापून आलाय. उघडा. टिळकांचा राग, त्यांचं न सांगता घरातून निघून जाणं, घरातलं उचलून दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं तिथं आहे. लक्ष्मीबाईंनी एकही गोष्ट माफ झाली म्हणून गाळलेली नाही आणि एकाही गोष्टीची शिक्षा सुनावलेली नाही. उलट वाचताना तुम्हाला हसू येतं आणि मग आपण कशाला हसलो याची थोडी लाज वाटते. येशूच्या जीवनावरचं 'ख्रिस्तायन' हे काव्य टिळक अर्धवट टाकून गेले होते. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.