मराठा आरमार आणि लाकूड पोखरणारे सागरी कृमी

मराठवाड्यातील वाचकास वाळवी परिचित आहे. ती तुळया कशा पोकळ करते हे बीड जिल्ह्यात कोणास सांगावे लागत नाही. समुद्रात हेच काम टेरेडो कुळातील कृमी करतात. प्राणिशास्त्रदृष्ट्या ते कृमी नसून शिंपल्यांच्या वर्गातील मृदुकाय प्राणी होत. अळीच्या अवस्थेत सूक्ष्म छिद्रातून ते लाकडात शिरतात व आतच वाढतात. त्यामुळे बाहेरून शाबूत दिसणारी फळी आतून चाळणी झालेली असते. इ.स. 1503 मध्ये कोलंबसास अशीच पोखरलेली जहाजे जमैकाच्या किनाऱ्यावर सोडून द्यावी लागली.

मराठा आरमाराचा इतिहास मुख्यतः लढायांचा लिहिला गेला आहे. जहाज टिकवावे कसे, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वस्तुतः रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवानादी लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलुखातून खरेदी करावे, असा स्पष्ट निर्देश आहे. सागवानातील तैलयुक्त द्रव्यांमुळे ते या कृमींना ओकपेक्षा अधिक काळ दाद देत नसे. अर्थात तेही अभेद्य नव्हते. म्हणून तळास चुना व तेल यांचा लेप देण्याची पद्धत पश्चिम किनाऱ्यावर रूढ होती.

पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवण्याचे कारण वादळ हे होतेच. परंतु छिद्राचे तोंड बंद करून काही आठवडे तग धरणारा हा प्राणी चार महिने कोरड्यात राहू शकत नाही, हा लाभही दुर्लक्षणीय नाही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडकात खोदलेली, आंग्र्यांची म्हणून ओळखली जाणारी सुमारे 355 फूट लांबीची गोदी याच दृष्टीने पाहावयास हवी. मोठ्या जहाजाचा तळ उघडा करून तपासणे गोदीशिवाय कठीण असे.

इ.स. 1756 मध्ये पेशवे व इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गास जळाले. नष्ट झालेल्या जहाजांची चर्चा पुष्कळ झाली. त्यांची निगा राखणाऱ्या सुतार-कारागिरांचे काय झाले, याची फारशी झाली नाही. मुंबईत मात्र लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली इ.स. 1750 मध्येच कोरडी गोदी उभी राहिली होती. इ.स. 1761 मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या जहाजाच्या तळास तांब्याचा पत्रा मढविला, तो प्रामुख्याने या कृमींपासून बचावासाठीच. वाडियांनी मुंबईत सागवानात बांधलेले, इ.स. 1817 मध्ये जलावतरण झालेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे.

पेशवे दप्तरातील आरमाराचे हिशेब चुना, तेल, खिळे व सुतारांची मजुरी यांच्या नोंदींसाठी नव्याने वाचले गेले पाहिजेत. त्यासाठी मोडी जाणणारा अभ्यासक किनाऱ्यावरचाच असला पाहिजे, असे नाही.