साप कुठला हे विचारलं, मूल कुठं झोपलं होतं हे नाही विचारलं

पावसाळा लागला की तालुक्याच्या पत्रकाराकडे एक बातमी हमखास येते. आश्रमशाळेत झोपलेल्या मुलाच्या पोटात मध्यरात्री दुखायला लागलं, उलट्या झाल्या, दवाखान्यात पोहोचेपर्यंत श्वास थांबला. अंगावर जखम नाही. मथळा ठरलेला: 'अज्ञात आजाराने विद्यार्थ्याचा मृत्यू' किंवा 'विषबाधेचा संशय'. मग खिचडीचे नमुने जातात, स्वयंपाक्याला नोटीस निघते आणि आठवड्यात विषय थंड.

प्रत्येक वेळी कारण एकच असतं असं मी म्हणत नाही. खरंच विषबाधा असते, मेंदूज्वर असतो. पण एक शक्यता अशी आहे की जिच्यासाठी हातात सगळ्यात कमी वेळ असतो आणि जी सगळ्यात शेवटी आठवते. मण्यार.

मण्यार रात्रीच फिरतो. उंदीर, पाली, दुसरे साप शोधत घरात शिरतो. दात इतके बारीक की झोपलेल्याला चावा कळत नाही. सूज नाही, रक्त नाही. तास-दोन तासांनी, कधी त्याहून उशिरा, पोटात कळा आणि उलट्या सुरू होतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, जीभ अडखळते आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात.

लोकांनी हे फार पूर्वी पाहिलं होतं. राजस्थान-सिंधच्या वाळवंटात 'पीवणा' नावाच्या सापाची समजूत आहे. झोपलेल्याच्या छातीवर बसून तो श्वास पिऊन टाकतो म्हणे. अभ्यासक हा साप म्हणजे मण्यारचाच भाऊबंद मानतात. समजूत चुकीची, पण निरीक्षण पक्कं: रात्रीची वेळ, जखम नाही, श्वास गेला. आपल्याकडे त्यालाच 'बाहेरची बाधा' म्हणून मोकळे झाले.

इंग्रज आमदनीत हा विषय सरकारदरबारी आला. कलकत्त्यातले सर्जन जोसेफ फेरर यांनी १८७२ साली हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर मोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यात मण्यार होता. सरकारचा उपाय मात्र साधा होता, साप मारा आणि बक्षीस न्या. १८९५ च्या सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेट यांनी नागाच्या विषावर लस तयार केली. नागाची लस दुसऱ्या सापाला चालत नाही, हे लवकरच लक्षात आलं. पुढे परळच्या हाफकिन संस्थेत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून चालणारी लस होऊ लागली. आज सरकारी दवाखान्यात मिळते ती याच पद्धतीची.

१९६३ मध्ये तैवानच्या चँग आणि ली या संशोधकांनी तिथल्या मण्यारच्या विषातले घटक वेगळे काढले. या विषातला एक घटक नसेच्या टोकालाच इजा करतो, हे पुढे स्पष्ट झालं. एकदा इजा झाली की लस ती उलटवू शकत नाही. नस पुन्हा भरून येईपर्यंत श्वास बाहेरून द्यावा लागतो. म्हणून मण्यारच्या बाबतीत एकेक तास मोलाचा. श्वास चालू ठेवला तर डोळेसुद्धा न उघडणारा रुग्ण काही दिवसांनी उठून बसतो.

आता आपल्या राज्याकडे या. १९७२-७३ पासून महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळांची योजना आली. आज शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराच्या आसपास शाळा आहेत. हेतू उत्तम होता आणि त्यातून हजारो मुलं शिकली, हे नाकारायचं कारण नाही. पण अनेक ठिकाणी दिवसा जो वर्ग, तीच रात्रीची झोपायची खोली. फरशीवर सतरंजी आणि ओळीनं मुलं. भोवती गवत, धान्याची खोली, म्हणजे उंदीर, म्हणजे साप. ऊसतोडीच्या कोपीत आणि वीटभट्टीवर वेगळं काही नाही.

घरी मूल कण्हलं तर आईला जाग येते. पापणी उतरली तर तिला कळतं. इथं सहा-सात वर्षांचं पोर रात्री दोनला कुणाला उठवणार? अधीक्षकांना उठवायची भीती. उठवलंच तर 'घरची आठवण येतेय, झोप' किंवा पोटदुखीची गोळी. मुलाचं अंग लहान, विष तेवढंच, त्यामुळे वेळ आणखी कमी.

ज्ञान नव्हतं असं म्हणायला जागा नाही. महाडमध्ये बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाबरोबर मण्यारच्या दंशावरही लिहिलं. श्रीलंकेतल्या अभ्यासात मण्यार चावलेले बहुतेक जण रात्री जमिनीवर झोपलेले होते. नेपाळच्या तराईत २००७ च्या अभ्यासात दिसलं की मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी होतो. २०२० मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली आणि त्यातली चौथाईहून जास्त पंधरा वर्षांखालची होती. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं कृती आराखडा काढला. त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरलं आहे.

दीडशे वर्षं आपण 'साप कुठला' हे विचारत आलो. त्यातून लस मिळाली, ती हवीच. पण 'मूल कुठं झोपलं होतं' हा प्रश्न पंचनाम्यात अजून येत नाही. त्याचं उत्तर तर प्रयोगशाळेत शोधावं लागत नाही. एक खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, बस.

म्हणून तीन गोष्टी मागतोय. एक, मुलं शाळेत परतायच्या आधी प्रत्येक मुलाला खाट आणि मच्छरदाणी. दोन, जमिनीवर झोपलेल्या मुलाला रात्री अचानक पोटदुखी-उलटी झाली आणि पापण्या जड वाटल्या, तर जखम शोधत बसायचं नाही. मण्यार धरून चालायचं आणि १०८ ला फोन लावायचा. ही सूचना अधीक्षकांच्या टेबलावर लिहून लावलेली हवी. तीन, जवळच्या आरोग्य केंद्रात लस आहे का आणि श्वास द्यायची पिशवी आहे का, याची नोंद दर महिन्याला.

तुमच्या ओळखीचं कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर असेल तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारायला सांगा: आपली किती मुलं आज रात्री जमिनीवर झोपणार आहेत? आकडा लेखी मागा. मिळाला तर इथं कळवा, बातमी मी करतो. यंदाची बातमी मूल गेल्यावर नको, त्याआधी करायची आहे.